श्रद्धा बदलली, मग नाती कशी बदलली? : लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई



आपल्या या भाषणमालेत आपण जुन्या काळातल्या बायकांची आयुष्ये समजून घेतो. त्या कशा जगल्या, कुठे अडल्या, कशातून वाट काढली, हे ऐकताना आपल्याच घरातले काहीतरी आठवते. आज आम्ही जरा नाजूक विषय घेतला आहे. माणसाची श्रद्धा बदलली तर त्याच्या आयुष्यात काय बदलते? आणि त्याच्या भोवतीच्या माणसांचे काय होते? नवरा, बायको, मूल, माहेर, शेजार, पाणवठा, या सगळ्यांशी असलेले नाते तेच राहते का?

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. कुणी अमुक धर्म घ्यावा किंवा तमुक सोडावा, हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. आपल्या गटांत निरनिराळ्या धर्मांच्या बाया एकाच सतरंजीवर बसून बचतीचा हिशेब लिहितात, ते तसेच राहो. आज आपण इतिहास बघणार आहोत. आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन बायका, दोघी ब्राह्मण घरात जन्मलेल्या, दोघी पुढे ख्रिस्ती झालेल्या. एक नवऱ्याच्या मागून गेली, पण पाच वर्षे विचार करून. दुसरी एकटीच गेली आणि मागे हजारो बायकांचे घर उभे करून गेली.

सोवळ्याच्या घरातली मनू

पहिली गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात म्हणायचे मनू. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात सोवळ्याने असे काही घर केले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. मीठसुद्धा त्यातून सुटले नाही. आता मीठ धुतले तर उरणार काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. अशा घरात पाणी कुणी भरायचे, कुणी शिवायचे, कुणाची सावली कुठे पडली, यातच बायकांचा दिवस जाई.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक. हे लोकमान्य टिळक नव्हेत, हे कवी टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. बुद्धी तेज, संस्कृतचा व्यासंग मोठा, कविता हातखंडा. पण स्वभाव रागीट आणि लहरी. नोकरी धरायची आणि सोडायची. मनात आले की न सांगता घरातून निघून जायचे. हातात पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. देणारा देवमाणूस ठरतो, पण रात्री चुलीत काय घालायचे ते बायकोने बघायचे. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या त्या या नवऱ्याकडूनच.

आगगाडीतली भेट

१८९३ सालची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब भेटला. त्या काळी गोरा माणूस हिंदी माणसाशी कसा वागे ते आपण ऐकून आहोत. हा मात्र आदराने बोलला, कवितेवर बोलला, देवाधर्मावर बोलला. उतरताना त्याने टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे म्हणून गेला. टिळकांनी पुस्तक वाचायचे म्हणून वाचायला घेतले. येशूने डोंगरावर बसून लोकांना जो उपदेश केला, त्या भागापाशी ते थांबले. शत्रूवर प्रेम करा, दुसऱ्याचा न्याय करत बसू नका, दान करताना डाव्या हाताला उजव्याचे कळू देऊ नका, असा तो उपदेश. जातीभेद टिळकांच्या मनाला आधीपासूनच टोचत होता. दोन वर्षे हा विचार आत शिजला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा.

हे सगळे टिळकांच्या मनात झाले. त्याचा घाव मात्र बसला लक्ष्मीबाईंवर. वय सत्तावीसच्या आसपास, पदरी चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण नवऱ्याच्या घरी जायचे तर जात जाणार, आणि माहेरी राहायचे तर नवरा जाणार. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. त्या काळी काही घरांत बाटलेल्या माणसाचे जिवंतपणी श्राद्ध घालत. म्हणजे तो मेला असे समजून नाते तोडायचे. नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना सांभाळले, बहिणीने आधार दिला. बहिणीच्या घरच्यांबरोबर त्या पंढरपूरला राहिल्या. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली, वेड लागायची पाळी आली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

कायदा होता, पण वाट पाहिली

इथे थोडे कायद्याकडे बघू, कारण बायकांच्या गोष्टीत कायदा नेहमी कुठेतरी दडलेला असतो.

१८५० साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, असे त्याने ठरवले. म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मुलाला भाऊबंद घराबाहेर काढू शकत, पण कागदावर वाटणी नाकारू शकत नव्हते. मग १८६६ साली दुसरा कायदा आला. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको किंवा ख्रिस्ती झालेल्या बाईचा नवरा केवळ धर्मामुळे नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येई. कोर्ट आधी विचाराला मुदत देई आणि तरीही नकारच राहिला तर दोघे मोकळे.

टिळकांपुढे हा रस्ता खुला होता. ते त्या रस्त्याने गेले नाहीत. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवू लागले. बायकोला पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, शिव्याशाप ऐकत राहिले. जो माणूस आधी बारीकशा गोष्टीवर भडकायचा आणि न सांगता निघून जायचा, तो आता एका माणसासाठी जागेवर थांबला. आम्हाला वाटते, टिळकांच्या नव्या श्रद्धेची पहिली खरी खूण इथे दिसते. मुंबईतला बाप्तिस्मा एका दिवसाचा होता. ही वाट पाहणे जवळजवळ पाच वर्षांचे होते.

म्हणून टिळकांना सगळे माफ करायचे का? तसे आम्ही म्हणत नाही. बायकोच्या आयुष्याची दिशा बदलणारा निर्णय त्यांनी तिला सोबत न घेता केला, हे खरेच आहे. लक्ष्मीबाईंनी ते दुःख लपवलेले नाही. त्यांनी नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवले नाही आणि खलनायकही केले नाही.

नगरात वेगळी चूल

शेवटी लक्ष्मीबाईंनी मनाशी ठरवले की नवऱ्याजवळ जायचे, पण आपला धर्म सोडायचा नाही. त्या नगरला आल्या आणि सोवळ्याने राहू लागल्या. स्वयंपाक आपला आपण, पाणी आपले आपण. टिळकांनी हे मान्य केले. तू असे कर, तसे कर, अशी सक्ती केली नाही. एकाच संसारात दोन श्रद्धा राहू लागल्या. आज ऐकायला साधे वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंच्या माणसांना ते विचित्र वाटत असणार. हिंदूंच्या दृष्टीने ती बाटग्याची बायको आणि ख्रिस्ती मंडळींच्या दृष्टीने ती आपल्यात असून आपल्या हातचे पाणी न पिणारी.

आणि पाणी ही साधी गोष्ट नव्हती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. गावाच्या विहिरीला ज्यांना हात लावू देत नसत, ओंजळीत वरून पाणी ओतून घ्यावे लागे, असे लोक. तेव्हा ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणी पिणे याचा अर्थ लक्ष्मीबाईंसाठी फार मोठा होता. ज्या माणसांची सावलीसुद्धा टाळायला लहानपणापासून शिकवले, त्यांच्या हातून तांब्या घ्यायचा.

नगर आणि राहुरी भागात राहताना लक्ष्मीबाई हे सगळे डोळे उघडे ठेवून बघत होत्या. शेजारणींशी बोलत होत्या. कुणाच्या आजारपणाला जात होत्या. मन वरून सोवळे पाळत होते, पण आत प्रश्न उठत होता की ही जात केली कुणी? देवाने केली की माणसाने? आणि एक दिवस त्यांचे उत्तर ठरले. जात माणसाने केली आहे. ती देवाची नाही, तर ती पाळण्याचे मला कारण नाही. मग त्यांनी टिळकांना सांगून टाकले की आजपासून मी कुणाच्याही हातचे खाईन-पिईन.

इथला क्रम लक्षात घ्या, मैत्रिणींनो. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली आणि मग बाप्तिस्मा घेतला. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याने सांगितले म्हणून नाही, पोटासाठी नाही, कुणाच्या धाकाने तर नाहीच. आधी माणसांशी असलेले नाते बदलले, त्यातून देवाशी असलेले नाते बदलले, आणि विधी सर्वांत शेवटी आला. पाच वर्षे लागली, पण पाऊल स्वतःचे पडले.

घराची दारे मोठी झाली

त्याच सुमारास १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. संवत १९५६ मधला म्हणून गुजरातेत तो छप्पन्याचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडेही माणसे आणि गुरे मेली, पोरकी पोरे रस्त्यावर आली. टिळकांच्या घरी अशी मुले येऊ लागली. मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीने कुठल्या जातीची, कुठल्या गावची, हे न विचारता त्यांना जेवू घातले, न्हाऊ घातले.

पुढे त्यांच्या घरात एक हुशार, हळव्या मनाचा मुलगा राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपण शाळेत ज्यांच्या कविता शिकलो ते बालकवी. बालकवी हिंदूच राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. १९१८ साली बालकवी रेल्वे अपघातात गेले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या ज्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या आईने मुलाच्या लिहाव्यात तशा आहेत. धर्म वेगळा म्हणून मायेत कमी-जास्त नाही.

पण सगळे एकदम गोड झाले असे समजू नका. टिळकांचा राग गेला नाही, लहर गेली नाही, घरात टिकणारा पैसा कधी आला नाही. घरी असेल ते उचलून देण्याची सवय ख्रिस्ती झाल्यावर वाढलीच. भांडणे होत. लक्ष्मीबाई ती भांडणे इतक्या मिस्किलपणे सांगतात की वाचताना हसूही येते आणि त्यांच्या हिमतीचे नवलही वाटते. श्रद्धेने माणसाचा स्वभाव पुसून नवा लिहिला जात नाही. तोच माणूस राहतो. फक्त चुकल्यावर परत फिरायला त्याला एक जागा मिळते.

टिळकांनी आणखी एक केले. ख्रिस्ती व्हायचे म्हणजे साहेब व्हायचे, हे त्यांना मान्य नव्हते. बूट-टोपी आणि परक्या चालीची गाणी म्हणजे धर्म नव्हे, असे ते म्हणत. त्यांनी येशूची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, टाळ-मृदंगासह कीर्तने केली. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची गीते गातात. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. बायकोने बाप्तिस्म्याआधीच माणुसकीची वाट धरलेली त्यांनी घरातच पाहिली होती. त्याचा काही धागा या विचारात असावा, असे आम्हाला वाटते.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. त्यांनी मुलींच्या वसतिगृहात काम केले, काही काळ कराचीला राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचे मोठे काव्य सुरू केले होते, पण दहाच अध्याय झाले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. मुलगा वडिलांचे चरित्र लिहिणार होता, त्याला मदत म्हणून आठवणी लिहायला बसल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक झाले. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघाले. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. गटातल्या कुणाला वाचायला आवडत असेल तर तालुक्याच्या वाचनालयात हे पुस्तक मागा. भाषा आपल्या घरातली आहे, अडणार नाही.

विहिरीवरची गोष्ट

आता दुसरी बाई. पाण्याचाच धागा धरून तिच्याकडे जाऊ.

बायबलमध्ये एक गोष्ट आहे. येशू दुपारच्या उन्हात एका विहिरीपाशी बसला होता. एक शोमरोनी बाई घागर घेऊन आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यांच्या हातचे घेत नसत. त्यातून ही बाई पाच नवरे झालेली आणि आता लग्नाशिवाय कुणाबरोबर राहणारी, म्हणजे गावाने नाव ठेवलेली. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. तिला आश्चर्य वाटले की हा माझ्या हातचे पाणी मागतो कसा? मग दोघे देवाबद्दल बोलले, आणि पुढे तिनेच गावात जाऊन त्याची बातमी दिली.

ही गोष्ट पंडिता रमाबाईंच्या मनात जाऊन बसली. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष घेतला. दुष्काळात आई-वडील आणि बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई भावाबरोबर पायी हिंडत कोलकात्याला पोचल्या. तिथे त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला. त्यांनी दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केले. मुलगी मनोरमा झाली आणि दीड-दोन वर्षांतच नवराही गेला. म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या आत त्या बाईने काय काय पाहिले होते बघा.

१८८३ साली त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाने राहिल्या. लंडनमध्ये त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना तिथे जवळ घेत, शिकवत, पुन्हा उभे करत. अशा बायकांना शिक्षा करायची असते, एवढेच त्यांनी आजवर ऐकले होते. इथे त्यांच्याशी मायेने वागतात, ते का, असे त्यांनी विचारले. उत्तरात त्यांना विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. पुण्याच्या विद्वानांनी टीका केली. जोतिराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली. दुसरीकडे इंग्लंडमधल्या ज्या भगिनींनी रमाबाईंना धर्म दिला, त्यांच्याशीही त्यांचे वाद झाले. सांगितले तेवढे माना, हे रमाबाईंना पटेना. मांसाहार करणार नाही म्हणाल्या. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, आपल्या देशाची भाषा हवी, म्हणाल्या. एका पुरोहिताचे जोखड काढून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्याला नेले. तिथे मुलींना आपापले सोवळे पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठा वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालकांची भीती आपण समजून घेऊ शकतो. विश्वासाने पाठवलेली मुलगी आपल्यापासून तुटेल, ही आईबापांची धास्ती खोटी नसते. त्याच वेळी हेही विचारायला हवे की त्या मुलींना तुम्हाला काय वाटते, असे कितीजणांनी विचारले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन वाढले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे बायका शेती करत, माग चालवत, घाणीवर तेल काढत, दूधदुभते बघत, छापखान्यात खिळे जुळवत. अंध मुलींना वाचायला शिकवत. आणि लंडनमध्ये पाहिले तसे, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळे सदनही होते. आजच्या आपल्या गटांना हे सगळे ओळखीचे वाटेल. हाताला काम, डोक्यावर छप्पर, शेजारी बाईच बाईला आधार.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल साध्या मराठीत आणले, कमी शिकलेल्या बाईला समजेल असे. १९२१ साली मनोरमा आधी गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. घरातले एकेक नाते मृत्यूने तोडले होते. पण केडगावला त्यांना आई मानणाऱ्या शेकडोजणी मागे होत्या.

यातून आपण काय घ्यायचे?

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की आम्हाला एक दिसते. श्रद्धा बदलली की नाही, हे माणसाच्या तोंडातल्या शब्दांवरून कळत नाही. ते पाणवठ्यावर कळते. कुणाच्या हातचे पाणी घेतो, कुणाला आपल्या पंगतीत बसवतो, ज्याला गावाने नाव ठेवले त्याच्याशी कसे बोलतो, आणि आपल्या माणसाला आपले म्हणणे पटले नाही तर त्याच्यासाठी किती थांबतो, यावर कळते. टिळक थांबले. लक्ष्मीबाईंनी जात सोडली. रमाबाईंनी टाकलेल्या बायकांना घर दिले. तिघांच्या श्रद्धेची ही मोजमापे आहेत, आणि ती कुठल्याही धर्माच्या माणसाला लावता येतात.

दुसरे असे की बाईची श्रद्धा ही बाईची असते. ती नवऱ्याच्या नावामागून आपोआप लागत नाही. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे मिळाली म्हणून त्यांचा निर्णय त्यांचा झाला. आजही आपल्या आसपास कुणाच्या घरी असा प्रसंग येतो. कुणी पंथ धरतो, कुणी माळ घालतो, कुणी प्रार्थनेला जाऊ लागतो, आणि बायकोने मुकाट मागे यायचे असे धरून चालतात. किंवा एखादी बाई आपल्या मनाने काही धरते आणि सगळे घर तिच्यावर तुटून पडते. अशा वेळी गटाने त्या बाईची बाजू ऐकून घ्यावी. तिला घराबाहेर काढले असेल तर आधी तिच्या निवाऱ्याचे आणि हक्काचे बघावे. धर्माचा वाद नंतर.

गटाच्या पुढच्या बैठकीत बोलायला तीन प्रश्न देऊन आम्ही थांबतो.

१) आपल्या गावात आजही कुणाच्या हातचे पाणी, कुणाच्या घरचा चहा टाळला जातो का? आपण स्वतः टाळतो का?

२) घरातल्या एकाची श्रद्धा बदलली तर बाकीच्यांनी काय करावे आणि काय करू नये?

३) लक्ष्मीबाईंच्या जागी आपण असतो तर नवऱ्याला काय सांगितले असते? आणि टिळकांच्या जागी असतो तर?

उत्तरे गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. निवडक उत्तरे आम्ही रेडिओवर वाचून दाखवू. वेगवेगळी आली तर अधिक बरे, बोलायला आणखी काही मिळेल.